निर्मळ पाणी आणि शुद्ध पाणी

मुसी नदीला १९०८ साली महापूर आला. त्यानंतर बांधलेला उस्मानसागर १९२० मध्ये पूर्ण झाला, आणि त्याच्या पाण्यावर हैदराबादेत आपल्या कित्येक पिढ्या वाढल्या. गाळलेले, क्लोरीन घातलेले हे पाणी पिण्यास उत्तम. परंतु रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेस ते चालत नाही. रक्तातील कॅल्शियम मोजताना पाण्यातले कॅल्शियम त्यात मिसळले, तर निष्कर्ष चुकेल, आणि मग उपचारही चुकेल.

पाणी उकळून क्षार जात नाहीत. बहुतेक मागेच राहतात. म्हणून प्रथम कोळशाच्या थरातून नेऊन क्लोरीन काढतात. मग दाब देऊन पाणी सूक्ष्म पडद्यातून ढकलतात. बहुतेक क्षार पडद्याअलीकडे अडतात. उरलेले क्षार कृत्रिम राळेचे मणी धरून ठेवतात.

आता त्यातून वीज जेमतेम वाहते. हीच शुद्धतेची कसोटी : २५ अंश सेल्सिअसला विद्युत्‌रोधकता १८.२ मेगओहम-सेंटिमीटर. मात्र उघडे ठेवताच हे पाणी हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. म्हणून ते साठवू नये, लागेल तेव्हाच काढावे.

रक्ताच्या अहवालावर आपण विसंबतो, तो आधी पाण्याची परीक्षा झालेली असते म्हणूनच.