'टु बी' : एका क्रियापदाचें गोत्र

इंग्रजी शिकूं लागलेल्या विद्यार्थ्यास जें क्रियापद पहिल्याच धड्यांत भेटतें व पुढें वर्षानुवर्षें चकवितें, तें म्हणजे 'टु बी', अर्थात् असणें किंवा होणें. इतर इंग्रजी क्रियापदांचीं रूपें फार तर पांच. ह्याचीं मात्र आठ: बी, ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बीइंग आणि बीन. त्यांचा परस्परांशीं संबंध दिसत नाहीं, म्हणून मुलें तीं केवळ घोकतात. ह्या विसंगतीचें मूळ येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वस्तुतः हें एक क्रियापद नसून एकत्र नांदूं लागलेलीं प्राचीन क्रियापदें आहेत. आणि त्यांचें गोत्र आपणांस परकें नाहीं. 'ॲम' व 'इज' हीं संस्कृतांतील 'अस्मि' व 'अस्ति' यांचीं भावंडें. 'बी' व 'बीन' हीं 'भू' धातूच्या कुळांतलीं. त्याच 'भू'पासून प्राकृतांतून आपलें 'होणें' आलें. 'वॉज' व 'वेअर' यांचें नातें 'वस्', म्हणजे राहणें, या धातूशीं आहे. आपले 'वस्ती' व 'निवास' हे शब्दही त्याच घरचे. मात्र संस्कृतापासून इंग्रजी निघाली असें कोणीं समजूं नये. दोघींचें मूळ एका लुप्त भाषेंत आहे. संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या धातूंतील असें साम्य सर विल्यम जोन्स यांनीं इ. स. १७८६ मध्यें कलकत्त्याच्या व्याख्यानांत दाखवून दिलें होतें.

असा संकर मराठींतही आहे. 'जातो' हें 'या' धातूपासून, तर 'गेला' हें 'गम्' धातूपासून झालें. तरी घरांतलें तीन वर्षांचें मूल तेथें अडखळत नाहीं. कारण तें कोष्टक घोकीत नाहीं, वाक्यें बोलतें.

आतां व्यवहारांतील उपयोग पाहूं. 'आय ॲम हंग्री' यांत हें क्रियापद कर्त्याची स्थिति सांगतें. मराठींत आपणांस भूक लागते, इंग्रजींत आपणच भुकेले असतों. 'शी इज रीडिंग' यांत तें चालू क्रिया दाखवितें, आणि 'द लेटर वॉज रिटन' यांत कर्मणि प्रयोग साधतें. पण 'मजजवळ पुस्तक आहे' येथें 'आहे' दिसलें म्हणून 'इज' योजूं नये. तेथें 'हॅव' हवें.

सबब पालकांस आमची विनंती इतकीच कीं, मुलांकडून आठ रूपांची यादी म्हणवून घेण्यापेक्षां रोज पांच वाक्यें बोलवून घ्यावीं. आणि विद्यार्थ्यांनो, ज्या भाषेच्या घरीं आपलेच आप्त भेटतात, तिचें भय कां बाळगावें?