नौकेची हिरवी तार

आपल्या यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. पण शेतातल्या विहिरीवर, मोटरपंपाच्या शेजारी, एक लहानसा खड्डा तुम्ही पाहिला असेल. त्यात कोळसा आणि मीठ घालून धातूची पट्टी पुरलेली असते. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळली की त्यात बादलीभर पाणी ओततात. हे झाले अर्थिंग. ओलसर, खारट माती वीज चांगली वाहून नेते. मोटरीच्या लोखंडी आवरणात चुकून वीज उतरली, तर तिला माणसाच्या अंगाऐवजी हिरव्या तारेची सोपी वाट मिळते.

आता सांगा, खाऱ्या पाण्यावरच तरंगणाऱ्या नौकेला अशा हिरव्या तारेची काय गरज?

नौदलातील दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. सुमारे १७ मीटर लांबीची ही नौका गोव्यात, दिवाडी बेटावर, लाकूड आणि फायबरग्लास वापरून बांधली होती. शिडाच्या नौकेला वारा ओढतो हे खरे, पण दिवे आणि रेडिओ काही वाऱ्यावर चालत नाहीत! त्यासाठी बॅटऱ्या लागतात. अशी नौका धक्क्याला लागली, की जाड केबलने किनाऱ्यावरची २३० व्होल्टची वीज आत घेऊन बॅटऱ्या भारता येतात. केबलमध्ये तीन तारा असतात : फेज, न्यूट्रल आणि हिरवी अर्थ. लाकूड आणि फायबरग्लास हे विजेचे दुर्वाहक. म्हणून आतल्या चार्जरचे धातूचे आवरण आपोआप समुद्राला जोडले जात नाही. ते हिरव्या तारेने किनाऱ्याच्या अर्थला जोडावे लागते, आणि बहुधा तीच तार इंजिनामार्फत पाण्यातल्या प्रोपेलरपर्यंतही पोचते.

येथेच गंमत सुरू होते. एका पेल्यात मिठाचे पाणी घ्या. त्यात जस्ताचा मुलामा दिलेला खिळा आणि तांब्याची तार, एकमेकांना न लागतील अशी, उभी करा. मल्टिमीटर जोडलात तर तो पाऊण व्होल्टच्या आसपास विभवांतर दाखवील. आता खिळा आणि तार बाहेरून तारेने जोडा. प्रवाह वाहू लागेल आणि जस्त हळूहळू झिजू लागेल.

शेजारी शेजारी बांधलेल्या दोन नौका म्हणजे हाच पेला. एकीचा प्रोपेलर तांब्याच्या मिश्रधातूचा. दुसरीच्या तळाला, तिचे इतर धातू वाचावेत म्हणून, मुद्दाम लावलेला जस्ताचा ठोकळा. समुद्र हे मिठाचे पाणी. आणि बाहेरून जोडणारी तार? तीच ती हिरवी! दोन्ही नौकांनी किनाऱ्याची वीज घेतली, की आपले जस्त शेजाऱ्याचा प्रोपेलर राखण्यात खर्ची पडते. जस्त संपले की आपल्याच नौकेच्या धातूंची पाळी.

मग हिरवी तार कापून टाकावी? काही जण हा शहाणपणा करतात, आणि तो जिवावर बेततो. तार नसताना आत बिघाड झाला तर ती वीज प्रोपेलरवाटे पाण्यात उतरते. समुद्राचे पाणी शरीरापेक्षा पुष्कळ सुवाहक, म्हणून प्रवाह बहुतांशी पोहणाऱ्याच्या बाजूने निघून जातो. गोड्या पाण्यात उलटे! तेथे शरीरच अधिक सुवाहक ठरते. स्नायू आखडतात आणि पट्टीचा पोहणाराही बुडतो. तुमच्या विहिरीतही असे घडू शकते. मोटर चालू असताना तीत पोहायला उतरू नका.

खरा उपाय पदार्थविज्ञानाने दिला आहे. हिरव्या तारेच्या वाटेत सिलिकॉन डायोड बसवायचे : एका दिशेने दोन ओळीने, आणि त्यांना समांतर, उलट दिशेने आणखी दोन. प्रत्येक डायोड सुमारे ०.६ व्होल्टपर्यंत वाट अडवतो, म्हणजे जोडी १.२ व्होल्टपर्यंत. बिघाडाच्या २३० व्होल्टपुढे मात्र ही वाट तत्काळ मोकळी होते, भरपूर प्रवाह जातो आणि फ्यूज उडतो. या डबीला गॅल्व्हॅनिक आयसोलेटर म्हणतात. जोडीला ३० मिलिअँपिअर गळतीवर वीज तोडणारा स्विच हवाच.

प्रत्येक दिशेला एकच डायोड का पुरत नाही? तुमच्या पेल्यावरचा मल्टिमीटर पुन्हा पाहा.