रात्रीच्या ओलिताला बॅटरी निवडताना

परदेशात घरच्या पिस्तुलाला बसवायचे दिवे मिळतात आणि ते कसे निवडावेत यावर पानेच्या पाने लिहिली जातात. अकोला जिल्ह्यात अंधारात राखायचे असते ते वावर, मोटर आणि कोठ्यातली जनावरे. हातात असते काठी आणि बॅटरी. हरभरा-गव्हाच्या ओलिताच्या दिवसांत शेतीच्या फीडरला थ्री फेजची लाइन आळीपाळीने दिवसा आणि रात्री येते. सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसाची लाइन ज्या गावांना मिळाली, त्यांची सुटका झाली. बाकीच्यांना थंडीत मध्यरात्री स्टार्टर दाबायला जावे लागते, आणि त्याच वेळी धुऱ्यावर रानडुकरांचा कळप उभा असतो.

अशा वेळी बॅटरीने सगळ्यात आधी एक काम करायला हवे: समोर कोण आहे ते ओळखू द्यायचे. हाकलणे, हाणणे, पळणे हे त्यानंतरचे. बॅटरी घेताना आणि वापरताना मी हीच एक कसोटी लावतो.

घेताना काय करावे

दिवे दोन घ्यावेत, एक कपाळावरचा आणि एक हातातला. स्प्रिंकलरचे पाईप बदलताना दोन्ही हात गुंततात: क्लिप सोडायची, पाईप उचलून आतले पाणी सांडायचे, चिखलातून पुढच्या जागी न्यायचा, पुन्हा जोडायचा. हे काम बॅटरी दातात धरून करणारे गडी आजही दिसतात. कपाळावरचा दिवा समोरच्या दहा पावलांपुरता मंद असला तरी चालतो. लांबचे बघायला हातातली बॅटरी.

डब्यावर लुमेनचा आकडा मोठ्या अक्षरात असतो. कॅन्डेलाचा आकडा शोधावा. लुमेन म्हणजे बॅटरीतून निघणारा एकूण उजेड. तो एका झोतात किती जोराने जातो हे कॅन्डेला सांगतो. 10,000 कॅन्डेलाच्या झोताची फेक डब्यावर 200 मीटर लिहिलेली असते. पण त्या 200 मीटरवर पडणारा उजेड पौर्णिमेच्या चांदण्याइतकाच असतो. तेवढ्यात काहीतरी हलले हे कळेल, काय हलले ते कळणार नाही. म्हणून ओळखण्यासाठी निम्मे अंतर धरावे. पाच एकर चौकोनी वावराची एक बाजू साधारण 140 मीटर भरते. मधल्या मचाणावरून धुरा 70 मीटरवर आणि कोपरा 100 मीटरवर येतो. म्हणजे 200 मीटरची बॅटरी तिथे पुरते. यापेक्षा मोठ्या आकड्यासाठी पैसे घालण्याआधी आपले वावर मोजावे.

उजेड किंचित पिवळसर घ्यावा. निळसर पांढरा उजेड दुकानात झगझगीत वाटतो, पण काळ्या मातीवरचा तपकिरी घोणस, वाळलेले कुटार आणि तुरीची काडी त्यात एकाच रंगाची दिसतात. पिवळसर उजेडात तपकिरी रंगाचे फरक चांगले कळतात. डब्यावर 4,000 केल्विनच्या आसपासचा आकडा असेल तर तो हाच उजेड.

सेल काढता येणारी बॅटरी घ्यावी आणि एक जास्तीचा सेल खिशात ठेवावा. आजच्या बहुतेक चांगल्या बॅटऱ्यांत 18650 नावाचा लिथियम सेल असतो, 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब. या मापाच्या खऱ्या सेलची क्षमता 2,500 ते 3,500 एमएएच असते. त्यावर 9,900 छापलेले दिसले तर सेल जिथला तिथे ठेवावा आणि दुकान बदलावे. एवढी क्षमता त्या मापात मावतच नाही.

बटण अंगठ्याला अंधारात सापडावे. एकदा दाबले की भरपूर उजेड, दुसऱ्यांदा दाबले की मंद, एवढेच बस. अकोल्याच्या टिळक रोडवर दुकानदार पाच प्रकारचा लुकलुकाट दाखवून बॅटरी विकतो. कोठ्यात खुडबुड झाली, घाईत बटण दोनदा दाबले गेले आणि बॅटरी लुकलुकू लागली, तर त्या लुकलुकाटात माणूस आणि गोऱ्हा यातला फरक कळत नाही.

पाण्यासाठी आयपीएक्स 7 बघावे. अशी बॅटरी एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. आयपीएक्स 4 फक्त शिंतोडे सोसते, आणि स्प्रिंकलरखाली कोणी शिंतोड्यांवर थांबत नाही.

घेताना काय टाळावे

झूमची बॅटरी टाळावी. पुढचा भाग सरकतो त्या फटीतून धूळ आणि पाणी आत जाते.

मूठ असलेली, आत लेड-अ‍ॅसिडचा डबा असलेली मोठी बॅटरी स्वस्त मिळते. ती पूर्ण उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की डबा कायमचा बसतो. ओलिताचा हंगाम संपल्यावर पुढच्या पेरणीपर्यंत तिला कोणी चार्जिंगला लावत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे.

मोबाइलच्या दिव्यावर रात्र काढू नये. मोबाइल 112 आणि 108 लावायला चार्ज असलेला हवा.

वापरताना काय करावे

डोळ्यांची चमक वाचायला शिकावे. रोही, हरीण, बिबट्या, कुत्रा, गाय यांच्या डोळ्यांमागे उजेड परतवणारा पडदा असतो, म्हणून झोत पडताच त्यांचे डोळे चमकतात. रानडुकराला तो पडदा नसतो. माणसालाही नसतो. म्हणजे तुरीत खसखस झाली, झोत टाकला आणि काहीच चमकले नाही, तर तिथे डुक्कर असू शकते किंवा शेजारच्या वावरातला सालदार असू शकतो. नेमके याच क्षणी दगड किंवा भाला सुटतो. आधी आवाज द्यावा, नाव विचारावे, उत्तराची वाट पाहावी. माणूस बोलतो.

चालताना हातातली बॅटरी कमरेखाली धरावी. उजेड खालून तिरपा पडला की ढेकूळ, भेग, साप या सगळ्यांची लांब सावली पडते आणि उंचवटा उठून दिसतो. कपाळावरच्या दिव्याची सावली वस्तूच्या मागे लपते, त्यामुळे जमीन सपाट भासते. रब्बीत काळी माती भेगाळलेली असते आणि त्या भेगा सापांची घरे असतात. कपाळाचा दिवा कामाला, कमरेची बॅटरी चालायला.

स्टार्टरच्या पेटीवर आधी उजेड टाकावा, मग हात न्यावा. पेटीत पाल, विंचू, कधी साप उबेला बसलेला असतो, आणि सुटलेली वायरही अंधारात दिसत नाही. हात कोरडे, पाय कोरड्या फळीवर.

धुऱ्यावरून दुसऱ्याच्या वावरात शिरण्याआधी गुडघ्याच्या उंचीवर झोत फिरवून तार बघावी. सौर झटका मशीनचा धक्का क्षणभराचा असतो, तो जनावराला हाकलतो. डीपीवरून थेट करंट सोडलेली तार माणूस मारते. तशी तार लावणे गुन्हा आहे, आणि तिला चिकटून मरतो तो बहुतेक वेळा गावातलाच माणूस असतो.

पातूर, बार्शीटाकळीच्या डोंगरपट्ट्यात बिबट्या दिसला तर उभे राहावे, वाकू नये, खाली बसू नये. मोठ्याने बोलत मागे सरकावे आणि वन विभागाच्या 1926 वर कळवावे. त्याच्यामागे झोत घेऊन पळणारी पोरे त्याला कोपऱ्यात अडवतात, आणि तिथूनच हल्ला होतो.

वापरताना काय टाळावे

बंदुकीला, भाल्याला किंवा बरचीला बॅटरी बांधू नये. पीक राखायला बंदुकीचा परवाना 1959 च्या शस्त्र कायद्याखाली मिळू शकतो, आणि तो काहींकडे आहेही. पण हत्यारावरच दिवा असला की बघण्यासाठीही हत्यार रोखावे लागते. ओळख पटण्याआधीच नळी माणसावर असते. 2025 च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरच्या परिसरात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या टोळीतल्या एकाने आपल्याच सोबत्याला डुक्कर समजून गोळी घातली, आणि त्यात त्याचा जीव गेला. दिवा डाव्या हातात, हत्यार खाली, हा नियम काठीलाही लागू आहे. परवाना बंदुकीचा असला तरी त्यात शिकारीची परवानगी येत नाही. डुक्कर-रोह्यांसाठी ती 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली वन विभागाकडून वेगळी घ्यावी लागते.

चोर आला अशी हाळी उठली म्हणून गावभरच्या बॅटऱ्या एका माणसावर रोखू नयेत. डोळ्यांत झोत गेलेला माणूस आंधळा होतो, हात वर घेतो, पळतो, आणि पळणारा चोरच वाटतो. 16 एप्रिल 2020 च्या रात्री पालघरच्याच गडचिंचले गावात चोरांच्या अफवेवरून दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. अनोळखी माणूस दिसला तर झोत त्याच्या छातीवर किंवा हातांवर ठेवावा, चेहरा त्या उजेडात पुरेसा दिसतो. एकाने बोलावे, बाकीच्यांनी अंतर ठेवावे आणि 112 लावावा.

मचाणावर बसून बॅटरी सारखी चालू-बंद करू नये. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि एका झगझगीत झोतात ती कमाई जाते. आधी कानाने अंदाज घ्यावा, मग एकदाच झोत टाकावा.

रात्री जमिनीवर आडवे होऊ नये, शेजारी बॅटरी असली तरी. मण्यार रात्री फिरतो, त्याचा दंश दुखत नाही, खूण नीट दिसत नाही. बाज आणि मच्छरदाणी सोडू नये.

साप चावला तर त्याला ओळखण्यासाठी बॅटरी घेऊन मागे लागू नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर आपल्याकडे एकच लस चालते, साप दाखवावा लागत नाही. चावलेल्याला चालवू नये, जखम कापू नये, आवळून दोरी बांधू नये. 108 लावावा. रात्री पांदण रस्त्याचा फाटा रुग्णवाहिकेला सापडत नाही, म्हणून जास्तीच्या सेलसह हातातली बॅटरी देऊन एकाला डांबरी रस्त्यावर पाठवावे आणि तिथे गाडीला वळण दाखवायला सांगावे.