ड्रॅगनफळाचें बेणें

ड्रॅगनफळाच्या वेलीचीं कांडीं लावितांना आपले बागाईतदार जी चूक करितात, ती उंसाच्या संवयीमुळें होते, असें आमचें मत आहे. उंसाचें बेणें जितकें ताजें तितकें चांगलें. तोडलें कीं लावावें व लागलीच पाणी द्यावें, हें आपल्या अंगवळणीं पडलें आहे. या वेलीस तोच न्याय लाविला म्हणजे बेणें कुजतें व पैसा जातो. आम्हीं पहिल्या वर्षीं ६० कांडीं विकत आणून त्याच दिवशीं वाफ्यांत खोंचलीं व पाणी सोडलें. जुन्या दप्तरी संवयीनें टिपण ठेविलें होतें. महिन्याचे आंत ४३ कुजलीं. विकणारानें कांहीं सांगितलें नव्हतें, व आम्हींहि विचारलें नव्हतें.

ही वेल मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेकडील, निवडुंगाच्या कुळांतील. तिचें तीनधारी हिरवें खोडच पानाचें काम करितें व आंत पाणी सांठवितें. त्यावरील सूक्ष्म रंध्रें बहुतेक रात्रींच उघडतात, त्यामुळें दिवसां उन्हांत पाणी फारसें उडत नाहीं. म्हणून तोडलेलें कांडें मुळांवांचून कित्येक दिवस जिवंत राहतें. वाळण्याची भीति नको. ओल्या जखमेंतून बुरशी आंत शिरते, तिची धरावी. घरांत टांगलेल्या मांसल वेलींसहि हाच नियम आहे.

बेणें फळें संपल्यावर, पक्व व गर्द हिरव्या खोडाचें घ्यावें. खोडावर तांबूस डाग किंवा खपल्या दिसल्यास फुकट मिळालें तरी आणूं नये. रोग कांड्याबरोबर शेतांत येतो. कांडें ९ ते १० इंच असावें. खालचें टोंक तिरपें व वरचें सरळ कापावें, म्हणजे पुढें उलटसुलट होत नाहीं. नंतर पडवींत, वारा खेळेल अशा सांवलींत, आठवडाभर पसरून ठेवावीं. कापल्या जागीं बोट लावून पाहावें. चिकट लागलें तर थांबावें; कोरडा, टणक पापुद्रा धरला म्हणजे बेणें तयार झालें. पावसाळी दमट हवेंत दोन-चार दिवस अधिक लागतात.

माती, वाळू व कुजलेलें शेणखत समभाग घेऊन, तळाशीं भोंकें असलेल्या पिशव्यांत दोन इंच खोल लावावें. पहिले कांहीं दिवस पाणी देऊं नये. आमच्या मातोश्रींना हें पटेना. त्या आमच्या नकळत तांब्याभर पाणी ओतीत, व त्या बाजूच्या पिशव्या आम्हांस टाकाव्या लागल्या. पुढें माती सुकल्यावरच बेतानें द्यावें. सुमारें महिन्यानें कांडें हलकेंच ओढून पाहावें. तें माती धरून राहिलें तर मुळें फुटलीं.

शेतांत निचऱ्याची जमीन पाहून खांबास चार रोपें लावावीं. वेल खांबाच्या माथ्यावरील कड्यापर्यंत चढेतों बाजूचे फुटवे काढावे. वर गेल्यावर फांद्या लोंबूं द्याव्या, कारण फळ या लोंबणाऱ्या फांद्यांवरच अधिक धरतें. फूल रात्रीं उमलतें व सकाळीं मिटतें. छाटकलमाच्या वेलीस साधारणतः दुसऱ्या वर्षीं फळ दिसूं लागतें. बियांपासून केलेल्या रोपास त्याहून पुष्कळ अधिक वर्षें लागतात. आमच्या वांचलेल्या १७ वेलींस तें दुसऱ्या पावसाळ्यांत आलें, आणि त्यांच्याच फांद्यांचें बेणें, नीट सुकवून, आम्हीं यंदा लाविलें आहे.