बरे वाटत असताना तपासणी : मंडळीसाठी एक अभ्यास

शास्त्रभाग : लेवीय 13 व 14:1-3, मार्क 1:40-45, लूक 10:25-37



आपल्या सेवाकार्याला मदत करणाऱ्या मंडळ्यांकडून मला वारंवार एक प्रश्न येतो : "ताई, आदिवासी पाड्यावर आरोग्य शिबिर घ्यायचे आहे. किती खर्च येईल?" प्रश्नामागचे प्रेम मला ठाऊक आहे. तरी मी उलट विचारते : "शिबिर झाल्यावर पुढच्या सहा महिन्यांचे काय ठरवले आहे?" यावर बहुधा फोनवर थोडा वेळ शांतता पसरते. त्या शांततेवरच हा पाठ आहे. तो घरी वाचा, आणि जमल्यास एखाद्या बुधवारच्या सभेत एकत्र अभ्यासा.

1. याजकाने पाहिले, थांबला, पुन्हा पाहिले

लेवीयाचा तेरावा अध्याय आपण बहुधा भरभर वाचून पुढे जातो. चट्टे, केस, सूज यांचे वर्णन कंटाळवाणे वाटते. पण तो सावकाश वाचा. अंगावर चट्टा उठलेला मनुष्य याजकाकडे आणला जातो. याजक औषध देत नाही, तो नीट पाहतो. खात्री होत नसेल तर सात दिवस थांबतो आणि पुन्हा पाहतो. तरीही शंका उरली तर आणखी सात दिवस. चट्टा फिका पडला असेल तर त्या माणसाला शुद्ध ठरवतो. त्याच अध्यायात टक्कल पडलेल्या माणसाचाही उल्लेख आहे. केस गेले एवढ्यावरून त्याला अशुद्ध ठरवायचे नाही!

यातून तीन गोष्टी शिकता येतात. पहिली, एकदा पाहून निर्णय करू नये. दुसरी, दिसणारी प्रत्येक गोष्ट रोग नसते. तिसरी गोष्ट चौदाव्या अध्यायात आहे : बरा झालेला मनुष्य छावणीबाहेर असतो, म्हणून याजक स्वतः उठून छावणीबाहेर जातो. तपासणारा जातो, तपासून घेणाऱ्याने यावे म्हणून वाट पाहत बसत नाही. डोंगर चढून पाड्यावर जाणाऱ्या आशाताईंना पाहिले की मला हे वचन आठवते.

2. उपकेंद्रात काय तपासतात

आता आजच्या व्यवस्थेकडे येऊ. मैदानी भागात 5,000 लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र असावे असा निकष आहे. आदिवासी व डोंगराळ भागासाठी तो 3,000 आहे. यातील पुष्कळ उपकेंद्रांवर आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी पाटी दिसेल. तेथे 30 वर्षे व त्यावरील प्रत्येक स्त्रीपुरुषाची मोफत तपासणी करण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. आजार नसला तरी, किंबहुना आजार जाणवत नसतानाच, ती करायची असते.

सुरुवात घरी होते. आशाताई एक फॉर्म भरतात : वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, अंगमेहनत, आईवडिलांचे आजार. मग काही लक्षणे विचारतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का? वजन घटले का? तोंडातला व्रण दोन आठवड्यांत भरला नाही असे झाले का? त्वचेवर बधिर चट्टा आहे का? यातून क्षयरोग आणि कुष्ठरोगाचे संशयितही लवकर सापडतात.

उपकेंद्रात मुख्यतः पाच गोष्टी पाहतात. रक्तदाब आणि रक्तातील साखर वर्षातून एकदा. तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांसाठी 30 ते 65 या वयात पाच वर्षांतून एकदा. गर्भाशयमुखाच्या तपासणीत पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमधला घटक, लावून एक मिनिटाने पाहतात. संशयास्पद भाग पांढरा दिसतो. ही तपासणी प्रशिक्षित परिचारिका करू शकते आणि निकाल तिथल्या तिथे कळतो. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातील 30 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी केवळ 1.9 टक्के स्त्रियांनी ती कधीतरी करून घेतल्याचे आढळले. हा आकडा देशाचा आहे, फक्त आदिवासी भागाचा नव्हे. मंडळीतल्या भगिनींनो, पाड्यावरच्या बाईला समजावण्याआधी आपण स्वतः केली आहे का?

तंबाखूविषयी वेगळे सांगायला हवे. आमच्या भागात चुना लावलेला तंबाखू आणि मशेरी हे व्यसन आहे असे बायकांना वाटतच नाही. ते दात घासणे समजले जाते. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, अथवा तोंड पूर्ण उघडेना, तर ती धोक्याची खूण आहे. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील तर दाखवून घ्यावे.

3. आकडा खोटा येऊ नये म्हणून

बाजारातून डोक्यावर ओझे घेऊन आलेल्या बाईचा हात लगेच यंत्रात घालू नये. पाच मिनिटे तिला शांत बसू द्यावे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीला टेकवलेला, बाही वर सरकवून घट्ट झालेली नको. आधी अर्धा तास चहा किंवा तंबाखू नसावा. मोजताना बोलू नये, बोलायलाही लावू नये. वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 च्या पुढे असेल तर पुन्हा मोजावे, आणि दुसऱ्या दिवशीही मोजावे. याजकाचे सात दिवस इथे आठवतात.

साखरेचेही तसेच. बोटातल्या थेंबाची साखर 140 वा अधिक आली तर तो मधुमेह ठरला असे नव्हे. पुढील तपासणीला पाठवण्याची ती मर्यादा आहे. उपाशीपोटी 126 वा अधिक आणि तेही पुन्हा खात्री करून, असे निदान डॉक्टर करतात. आणखी एक बाब आदिवासी भागात फार महत्त्वाची. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए1सी ही तपासणी सिकलसेल आजार असलेल्यांत भरवशाची नसते. त्यांच्या तांबड्या पेशी लवकर नष्ट होतात, म्हणून आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येऊ शकतो. त्यामुळे शहरातून येणाऱ्या डॉक्टर बंधूंना मी सिकलसेलची माहिती आधीच देते.

"हा तर किती सडपातळ, याला कुठली शुगर?" असेही म्हणू नये. बारीक माणसालाही मधुमेह होतो. दोन कोस लाकडे वाहणाऱ्या बाईलाही रक्तदाब असतो.

4. सिकलसेल आणि मंडळीतली कुजबुज

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करणे आणि 2047 पर्यंत या आजाराचे निर्मूलन करणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. आपल्या सातपुड्यातील भिल्ल, पावरा आणि पूर्वेकडील गोंड, माडिया समाजांसाठी हा जिव्हाळ्याचा विषय आहे.

प्राथमिक चाचणी 'पॉझिटिव्ह' आली म्हणजे आजारच आहे असे नाही; तो मनुष्य केवळ वाहक असू शकतो. ते दुसऱ्या, नेमक्या चाचणीने ठरते. वाहक सहसा निरोगी जीवन जगतो. पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के आणि दोन्ही नसण्याची 25 टक्के असते. "पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तीन चांगली" हा हिशोब चुकीचा आहे. आणि ज्याला आजार आहे त्यालाही औषधोपचार आहे. हायड्रॉक्सियुरियामुळे अनेकांचे वेदनेचे झटके कमी होतात.

पण मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती निकाल फुटण्याची. भक्तीच्या वेळी प्रार्थनाविनंती म्हणून कुणीतरी उभे राहून सांगते, "अमुक बहिणीच्या मुलीला सिकलसेल निघाला, प्रार्थना करा." हेतू चांगला असतो, पण संध्याकाळपर्यंत ती बातमी चार पाड्यांवर जाते आणि मुलीचे ठरत आलेले लग्न थांबते. ती तर फक्त वाहक असते! दोष नेहमी मुलीच्याच पदरी पडतो, हेही लक्षात घ्या. त्या व्यक्तीच्या परवानगीशिवाय तिच्या तपासणीचा निकाल प्रार्थनेतही नावाने घेऊ नये. देवाला नाव सांगण्याची गरज नाही.

5. विश्वास आणि गोळी

"तपासणी म्हणजे अविश्वास नव्हे का?" हा प्रश्न पाड्यावरचे नवे विश्वासू प्रामाणिकपणे विचारतात. पूर्वी भगताकडे जात होतो, आता प्रार्थना करतो, मग दवाखाना कशाला? मार्क 1 उघडा. प्रभू येशूने कुष्ठरोग्याला स्पर्श करून बरे केले, आणि त्यानंतर त्याला याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवायला सांगितले. चमत्कारानंतरही तपासणी! प्रभूला त्या तपासणीत आपल्या सामर्थ्याचा अपमान वाटला नाही. मग आपल्याला का वाटावा?

म्हणून पाळकांना माझी हात जोडून विनंती : बरे होण्यासाठी अवश्य प्रार्थना करा, पण रक्तदाबाची, साखरेची किंवा क्षयरोगाची गोळी थांबवायला कुणालाही सांगू नका. रक्तदाब उतरलेला दिसतो तो बहुधा गोळी चालू असते म्हणूनच. ती बंद केली की काही दुखत नाही, आणि एके दिवशी अर्धांगवायूचा झटका येतो.

6. शोमरोन्याचे दोन दीनार

1968 साली विल्सन आणि युंगनर या दोघांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी तपासणीची दहा तत्त्वे मांडली. त्यांतले एक मला फार मोलाचे वाटते : ज्या आजाराचे निदान व उपचार करण्याची सोय आहे, त्याचीच तपासणी मोहीम घ्यावी. पुढची सोय नसताना कुणाला "तुला रोग असावा" असे सांगणे म्हणजे त्याच्या खांद्यावर ओझे ठेवून निघून जाणे होय.

चांगल्या शोमरोन्याने जखमा बांधल्या, तेल व द्राक्षारस ओतला. तेवढे आजच्या भाषेत शिबिरच झाले. पण तो तिथे थांबला नाही. आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, रात्रभर काळजी घेतली, दोन दीनार दिले आणि परत येताना उरलेला खर्च देण्याचे वचन दिले. दाखल्यातला अधिक भाग पाठपुराव्याचाच आहे.

आमच्याकडे एका मावशींचा रक्तदाब तीनदा मोजून 170 च्या वर आला. त्या नातवाला लस द्यायला आल्या होत्या, स्वतःसाठी नव्हे. चिठ्ठी दिली, पण तालुक्याला जायचे म्हणजे गाडीभाडे, एका दिवसाची बुडालेली मजुरी, आणि तिथे कुठल्या खिडकीवर उभे राहायचे ही भीती. महिनाभर त्या गेल्या नाहीत. मग आमची एक कार्यकर्ती त्यांच्याबरोबर बसमध्ये बसली. आज त्या महिन्याला उपकेंद्रातून गोळ्या घेतात, आणि शेजारणीलाही घेऊन येतात. एक सोबत आणि एक तिकीट एवढाच खर्च झाला.

आणखी एक अडचण स्थलांतराची. दिवाळीनंतर आमची पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला गुजरातकडे निघतात आणि होळीला परततात. जानेवारीत घेतलेल्या शिबिराला म्हातारीकोतारीच भेटतात. म्हणून तपासणी होळीच्या आसपास, किंवा आठवडे बाजाराच्या दिवशी ठेवावी. निघण्यापूर्वी पुढच्या महिन्यांच्या गोळ्यांविषयी उपकेंद्रात बोलून घ्यावे आणि तपासणीचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत बरोबर द्यावेत.

तर, दात्यांनो, मंडप, फलक आणि जेवणावळ यांचा खर्च कमी करा. तो पैसा बसभाड्याला, सोबत जाणाऱ्या कार्यकर्तीला आणि बुडालेल्या मजुरीला द्या. सरकारी उपकेंद्राला समांतर दुसरे केंद्र उघडू नका. तेथपर्यंतची वाट सोपी करा.

चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या मंडळीत 30 वर्षांवरील किती जणांनी गेल्या वर्षभरात रक्तदाब व साखर तपासली? आधी आपल्यापासून सुरुवात करू या का?
2. आपण प्रार्थनाविनंत्या कशा सांगतो? कुणाचे गुपित त्यातून उघडे पडते का?
3. आपण दत्तक घेतलेल्या पाड्यासाठी 'दोन दीनार' म्हणजे नेमके काय असेल? रक्कम, माणूस आणि महिना लिहून काढा.

प्रार्थनेचे विषय

पायी फिरणाऱ्या आशाताई व परिचारिकांसाठी. निकाल हाती घेऊन घाबरलेल्या कुटुंबांसाठी. ऊसतोडीवरून सुखरूप परतणाऱ्यांसाठी. आणि आपल्यासाठी, की आपण दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा त्याच दारात जाण्यास कंटाळू नये.