आजोबांची सायकल

बालाघाटच्या डोंगररांगा आपल्या धाराशिव जिल्ह्यातून गेल्या आहेत. त्यांच्या माथ्यावर दूरवर माळरान पसरलेले दिसते. कोठे मुरूम, कोठे काळी माती, तर कोठे नुसता खडक. तुळजापूर तालुक्यातील अशाच एका माळावर आमचे गाव आहे. आमची शाळा शेजारच्या गावी होती. सडकेने गेले, तर मोठा वळसा पडे; म्हणून आम्ही मुले मुरमाच्या वाटेने चालत जात असू. त्या वाटेवर एक मोठा उतार होता, उताराच्या तळाशी ओढा होता आणि दोन्ही बाजूंना बाभळी होत्या.

आमच्या घराच्या ढेळजेत आजोबांची काळी सायकल भिंतीला टेकून उभी असे. तिच्यावरून आजोबांनी कित्येक वर्षे तुळजापूरला दूध पोहोचविले होते. आता मात्र तिचे टायर फाटले होते, आऱ्यांवर गंज चढला होता आणि बसायची कातडी गादी उंदरांनी कुरतडली होती. मी सातवीत गेलो, त्या वर्षी एक भंगारवाला दारात आला. वडील म्हणाले, “सायकल देऊन टाकू. जागा तरी मोकळी होईल.”

मी धावत गेलो आणि सायकलीचे हँडल घट्ट धरून उभा राहिलो. “आजोबा, ही सायकल मला द्या ना! मी तिच्यावरून शाळेत जाईन.”

आजोबा क्षणभर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “देतो. पण माझी एक अट आहे. आधी ब्रेक, मग रंग.”

मी मान डोलावली खरी. पण अट माझ्या मनात उतरली नव्हती. सुट्टीचे दिवस होते. मी रॉकेलच्या चिंधीने सायकल पुसली, पॉलिश कागदाने गंज घासून काढला, काळा रंग दिला आणि त्यावर हिरव्या रेघा ओढल्या. वडिलांनी नवे टायर आणून दिले. सायकल अशी झळकू लागली, की ती पाहायला गल्लीतील मुले गोळा झाली. मला धीर कोठचा! आजोबा शेतात गेले होते. त्यांना न विचारताच मी सायकल काढली आणि थेट उताराची वाट धरली.

पहिली काही क्षणांची मौज मी अजून विसरलो नाही. कानांत वारा शिरत होता. पण वेग वाढू लागला, तशी मी ब्रेकची मूठ आवळली. सळया खडखडल्या, परंतु सायकल थांबेना. ब्रेकचे रबर इतक्या वर्षांत लाकडासारखे टणक झाले होते. समोर ओढ्याचे दगड दिसू लागले. मी घाबरून हँडल वळविले आणि सायकलीसह बाभळीच्या झुडपात जाऊन पडलो. गुडघे फुटले, कोपर सोलले आणि पुढचे चाक वाकडे झाले. ओढ्यात पडलो असतो, तर काय झाले असते, हा विचार आजही अंगावर काटा आणतो.

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी जखमा धुतल्या, हळद लावली आणि एवढेच म्हणाले, “सायकलीने तुला फसविले नाही, बाळ. तिला कोठे दुखते आहे, हे तू तिला विचारलेच नाहीस.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे अंगणात बसलो. आजोबांनी एक जुने धोतर अंथरले आणि मला सायकलीचा एकेक भाग सोडवायला लावला. जो भाग आधी निघाला, तो डावीकडे. नंतर निघालेला त्याच्या शेजारी. “ज्या क्रमाने सोडविले, त्याच्या उलट क्रमाने जोडायचे,” ते म्हणाले. सर्व भाग वेगळे झाल्यावर त्यांनी सांगाड्याचे सांधे ओल्या फडक्याने पुसून बारकाईने तपासले. नळीला तडा गेलेला असेल, तर वरचा रंग कितीही सुंदर असला, तरी ती सायकल चालविण्यास योग्य नसते. सुदैवाने सांगाडा धड होता.

चाकाच्या मध्यभागी आसाभोवती पोलादाचे छोटे गोल छर्रे असतात. त्यांच्यामुळे घर्षण कमी होते व चाक हलके फिरते. आमच्या सायकलीतील वंगण वाळून खडे झाले होते आणि कित्येक छर्‍यांवर खळगे पडले होते. ते छर्रे आम्ही बदलले व नवे वंगण भरले. मग आऱ्यांची पाळी आली. पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० आरे होते. कारण स्वाराचे व ओझ्याचे अधिक वजन मागच्या चाकावर पडते. आजोबा एकेक आरा बोटाने छेडीत. ताणलेला आरा टणत्कार करी, ढिला आरा मुका राही. वाकडे झालेले चाक मात्र आम्ही तुळजापूरच्या कारागिराकडून सरळ करून आणले. जे काम आपल्याला येत नाही, ते जाणत्याकडे सोपवावे, हेही मी त्या दिवशी शिकलो.

यानंतर आजोबांनी विचारले, “आता सांग, ही सायकल कोणत्या वाटेने जायची आहे?” या एका प्रश्नावरच पुढचे सारे बदल ठरले.

वाट चढाची होती. म्हणून आम्ही दातांचा हिशेब केला. पायंडलाजवळच्या मोठ्या चक्राला ४४ दाते होते, मागच्या छोट्या चक्राला १८. म्हणजे पायंडल एकदा फिरले, की मागचे चाक सुमारे अडीच वेळा फिरे व सायकल जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाई. सपाट सडकेवर हे ठीक. परंतु चढावर छाती फुटे. आम्ही मागे २२ दात्यांचे चक्र बसविले. दाते वाढले म्हणून साखळी थोडी लांब करावी लागली. आता एका फेऱ्यात चाक बरोबर दोनदा फिरू लागले. सायकल साडेचार मीटरच पुढे जाई; पण पायांवरचा भार तितकाच हलका झाला. वेग थोडा दिला आणि चढ मिळविला.

वाट काट्यांची होती. म्हणून टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी घातली. वाट काळ्या मातीची होती. पावसाळ्यात ही चिकट माती मडगार्डात साचते आणि चाक अडविते. म्हणून चिखलाच्या दिवसांत मडगार्ड काढून ठेवायचे ठरले. आणि वाट उताराची होती. म्हणून ब्रेकला नवे रबर बसविले, सळया नीट जुळविल्या व दोन्ही ब्रेक पुन्हा पुन्हा तपासले. “उताराच्या आधीच वेग आवर,” आजोबांनी बजावले. “पुढचा ब्रेक एकदम दाबू नकोस. आणि धाव ओली असली, की रबर घसरते, हे ध्यानात ठेव.” मागचे कॅरिअर दप्तरासाठी ठेवले. घंटाही जुनीच ठेवली. तिचा आवाज ऐकून तुळजापूरच्या गल्ल्यांत लोक दुधाची भांडी घेऊन बाहेर येत असत.

पुढे मोठा झाल्यावर मी सायकलींविषयी पुष्कळ वाचले. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली बेळगावातील सायकलींच्या एका दुकानापासून झाला. याच उद्योगाने पुढे शेतकऱ्यांच्या हाती लोखंडी नांगर दिला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात तर जुन्या सायकलींनी एक नवा खेळच जन्माला घातला. तेथे १९३३ साली श्विन कंपनीने जाड, फुगीर टायरांच्या सायकली बाजारात आणल्या होत्या. कालांतराने त्या अडगळीत पडल्या. १९७० नंतरच्या काळात मरीन या डोंगराळ भागातील काही तरुणांनी त्या शोधून काढल्या, दुरुस्त केल्या आणि डोंगरवाटांवर चालविल्या. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी एका अवघड उतारावर शर्यत भरविली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या आसापाशी असे. उतरताना तो इतका तापे, की आतले वंगण जळून धूर निघे व प्रत्येक खेपेनंतर वंगण पुन्हा भरावे लागे. यावरूनच त्या शर्यतीला ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरणे’, हे नाव पडले! पुढे त्यांनी अधिक चांगले ब्रेक व दातेरी चक्रे बसविली. १९७७ साली जो ब्रीझ यांनी डोंगरवाटांसाठीच नवा सांगाडा बनविला. १९९६ साली हा खेळ ऑलिंपिकमध्ये समाविष्ट झाला. हे वाचले, तेव्हा मला हसू आले. आजोबांनी मरीनचे नावही ऐकले नव्हते. पण त्या तरुणांनाही शेवटी ‘आधी ब्रेक’ हाच धडा गिरवावा लागला होता.

शाळा उघडली, त्या दिवशी आजोबा उताराच्या माथ्यावर येऊन उभे राहिले. मी हळूहळू उतरू लागलो. अर्ध्या वाटेवर त्यांनी हाक मारली, “थांब!” मी ब्रेक आवळला. मुरूम करकरला आणि सायकल जागच्या जागी उभी राहिली. मी मागे वळून पाहिले. आजोबांनी हात वर केला आणि ते काही न बोलता घराकडे वळले.

मी घंटा वाजविली. ती ऐकून ते चालता चालता क्षणभर थबकले, एवढे मला दिसले.

स्वाध्याय

१. ‘आधी ब्रेक, मग रंग’ या अटीचा अर्थ लेखकाला केव्हा व कसा समजला?
२. “तिला कोठे दुखते आहे, हे तू तिला विचारलेच नाहीस,” असे आजोबा का म्हणाले?
३. वाटेच्या कोणत्या गुणामुळे सायकलीत कोणता बदल केला, ते क्रमाने लिहा.
४. मोठ्या चक्राला ४८ व छोट्या चक्राला १६ दाते असतील, तर पायंडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक किती वेळा फिरेल? अशी सायकल चढावर सोयीची होईल काय?
५. तुमच्या घरातील एखाद्या जुन्या वस्तूची दुरुस्ती कशी झाली, हे वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा.