शालेय पोषण आहार आणि गावाची परसबाग

दुपारची सुट्टी झाली की आपल्या गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांची पंगत बसते. हे जेवण सरकारी खर्चाने मिळते, म्हणून ते सरकारचे काम आहे असे आपण समजतो आणि तिकडे फारसे लक्ष देत नाही. कित्येक सधन शेतकरी तर 'आमच्या मुलाला घरी काय कमी आहे?' असे म्हणून त्याला डबा देतात. या दोन्ही गोष्टींमुळे नुकसान मुलांचेच होते. तांदूळ व पैसा सरकार देऊ शकते, परंतु ताजी भाजी, स्वच्छता आणि देखरेख या तीन गोष्टी गावानेच द्यावयाच्या असतात.

योजनेची वाटचाल

शाळेत जेवण देण्याची कल्पना आपल्या देशात नवीन नाही. मद्रास शहरातील महापालिकेच्या शाळांत १९२० च्या दशकातच असा प्रयोग झाला होता. पुढे मुख्यमंत्री कामराज यांनी १९५६ मध्ये तामिळ प्रदेशात ही योजना राबविली आणि १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी तिचा मोठा विस्तार केला. संपूर्ण देशासाठी केंद्र सरकारची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. सुरुवातीस बहुतेक राज्यांत शिजविलेले अन्न न देता दरमहा ३ किलो धान्य घरी दिले जात असे. ते धान्य घरातील सर्वांच्या पोटात जाई, मुलाच्या वाट्याला किती येई हे सांगणे कठीण होते. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला. नंतर ही योजना इयत्ता आठवीपर्यंत वाढविण्यात आली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने हे जेवण मुलांचा हक्क ठरले. २०२१ पासून ही योजना 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण' या नावाने ओळखली जाते.

जेवण सर्वांना का?

हे जेवण देताना शिधापत्रिकेचा रंग किंवा जमिनीचा सात-बारा पाहिला जात नाही. त्यामागे कारण आहे. गरीब मुलांनाच निवडून जेवण दिले तर त्यांना कमीपणा वाटतो आणि काही मुले उपाशी राहणे पसंत करतात. निवड करताना खरा गरजू सुटून जातो. शिवाय सर्व जातींची मुले एका पंगतीत बसून, एकाच भांड्यातील अन्न खातात, हा संस्कार पुस्तकातून होत नाही. आणखी एक व्यवहाराची गोष्ट आहे. सरपंचाचा नातू ज्या पंगतीत जेवतो, त्या पंगतीतील वरण सहसा पातळ होत नाही. म्हणून सधन पालकांनीही आपल्या मुलांना या पंगतीत अवश्य बसवावे.

मुलाच्या ताटात किती असावे?

ठरवून दिलेले दररोजचे प्रमाण पुढीलप्रमाणे आहे.

इयत्ता १ ली ते ५ वी : धान्य १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजीपाला ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. यातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत.

इयत्ता ६ वी ते ८ वी : धान्य १५० ग्रॅम, डाळ ३० ग्रॅम, भाजीपाला ७५ ग्रॅम, तेल ७.५ ग्रॅम. यातून ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत.

ही वजने न शिजविलेल्या जिनसांची आहेत. तांदूळ, डाळ, तेल यांची पोती व डबे मोजता येतात. खरी काटकसर होते ती भाजीत. बाजारभाव चढले की भाजीऐवजी खिचडीत चार बटाट्याच्या फोडी दिसतात. वाढत्या मुलांना लोह, कॅल्शियम व जीवनसत्त्वे लागतात आणि ती नुसत्या भातातून पुरेशी मिळत नाहीत. रक्त कमी असलेले मूल लवकर दमते, त्याचे अभ्यासात लक्ष लागत नाही.

१०० मुलांचा हिशेब

पहिली ते पाचवीची १०० मुले असलेल्या शाळेस दररोज १० किलो तांदूळ, २ किलो डाळ, ५ किलो भाजी व अर्धा किलो तेल लागते. वर्षात २०० दिवस शाळा भरली असे धरल्यास १० क्विंटल भाजी लागेल. पालेभाजीचे उत्पादन हेक्टरी १०० क्विंटल धरले, तर एका गुंठ्यात एका पिकापासून सुमारे १ क्विंटल भाजी मिळते. वर्षात तीन पिके घेतल्यास साधारण साडेतीन गुंठे जागा पुरेशी होते. एवढी जागा शाळेच्या आवारात नसेल, तर एक-दीड गुंठ्यात परसबाग करावी व उरलेली भाजी गावातील बागाईतदारांनी आळीपाळीने द्यावी. महिन्यातून एक दिवस ५ किलो भाजी देणे कोणाही बागाईतदारास जड नाही.

परसबागेचे नियोजन

१) मुलांचे हात व भांडी धुण्याचे पाणी वाया जाते. ते चर काढून परसबागेत वळवावे. धुण्यासाठी साबण वापरला असल्यास ते पाणी केळी, पपई, शेवगा अशा झाडांना द्यावे, पालेभाजीला देऊ नये.

२) पालक, मेथी यांची पेरणी ३ × १ मीटरच्या सपाट वाफ्यांत करावी. सर्व वाफे एकाच दिवशी न पेरता दर ८-१० दिवसांनी थोडे थोडे पेरावेत, म्हणजे भाजी सतत मिळत राहते. गुंठ्यास सुमारे २५० ते ३०० ग्रॅम बियाणे लागते.

३) पावसाळ्यात भेंडी, गवार, दोडका, दुधी; हिवाळ्यात पालक, मेथी, मुळा, गाजर, टोमॅटो; उन्हाळ्याच्या तोंडावर तांदुळजा अशी लागवड करावी. वेली कुंपणावर चढवाव्यात.

४) शेवग्याची दोन-तीन झाडे अवश्य लावावीत. शेंगांइतकाच पालाही उपयोगी आहे. कोवळा पाला वरणात घालता येतो.

५) एक कागदी लिंबाचे झाड असावे. लिंबातील 'क' जीवनसत्त्वामुळे डाळ व पालेभाजीतील लोह शरीरात चांगले शोषले जाते.

६) किडीसाठी रासायनिक औषध वापरू नये. अर्धा किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून १० लिटर पाणी करावे व फवारावे.

दिवाळीच्या सुट्टीत परसबाग वाळून जाते, असा अनेक ठिकाणचा अनुभव आहे. त्यासाठी पाणी देण्याच्या पाळ्या सुट्टीपूर्वीच ठरवून घ्याव्यात.

स्वयंपाकघरात घ्यावयाची काळजी

भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतल्यास जीवनसत्त्वे पाण्याबरोबर निघून जातात. तांदूळ फार चोळून धुवू नये व भाताचे पाणी काढून टाकू नये. आठवड्यातून एक-दोन वेळा मोड आलेली मटकी किंवा हरभरा द्यावा.

सर्वांत मोठा धोका

१६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातील गंडामन गावात शाळेचे जेवण खाऊन २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक असल्याचे तपासणीत आढळले. हे औषध आपल्या ओळखीचे आहे. त्याचे रिकामे डबे आपल्याही गोठ्यात, ओट्यावर पडलेले असतात. असा डबा कितीही धुतला तरी खाण्याच्या वस्तूसाठी वापरू नये. तो भोके पाडून निकामी करावा. तसेच शाळेला देण्याची भाजी फवारलेल्या वाफ्यातील असेल, तर औषधाच्या डब्यावर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय ती तोडू नये. आपल्या हातून गेलेल्या भाजीवर शंभर मुलांचा जीव अवलंबून असतो, हे विसरू नये.

पालकांनी काय पाहावे?

शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात व निम्म्या महिला असतात. म्हणजे ही समिती आपलीच आहे. मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकांनी व समितीच्या सदस्यांनी अन्न चाखावे असा नियम आहे. तेलाला, डाळीला वेगळा वास किंवा चव आल्यास जेवण तेथेच थांबवावे. धान्य, इंधन किंवा स्वयंपाकी नाही म्हणून एखाद्या दिवशी जेवण मिळाले नाही, तर २०१५ च्या नियमांनुसार मुलांना अन्न सुरक्षा भत्ता मिळण्याची तरतूद आहे. आपल्या मुलाने घरी येऊन 'आज खिचडी नव्हती' असे सांगितले, तर ते ऐकून सोडून देऊ नये.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आपण वासराला वेळेवर पेंड घालतो, रोपाला वेळेवर पाणी देतो, कारण वाढीच्या वयात राहिलेली उणीव पुढे भरून निघत नाही हे आपल्याला ठाऊक आहे. मुलांचेही तसेच आहे. येत्या जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी समितीची एक बैठक घ्यावी, परसबागेची जागा आखावी आणि भाजी देणाऱ्यांची यादी करून शाळेच्या भिंतीवर लावावी.